शिकाऊ उमेदवारी करताना दुसऱ्या ट्रेडचे प्रमाणपत्र : बेळगाव-निपाणी भागातील वाटा आणि अटी

आयटीआयची परीक्षा उत्तीर्ण होऊन कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू झालेल्या तरुणाला पहिल्या दोन-तीन महिन्यांतच एक गोष्ट कळून चुकते. फिटर म्हणून आलेल्याला वीज समजावी लागते, वेल्डिंगचा हात लागतो आणि सीएनसी यंत्राची आज्ञावली किमान वाचता यावी लागते. तेव्हा प्रश्न उभा राहतो, की उमेदवारी चालू असतानाच दुसऱ्या ट्रेडचे प्रमाणपत्र मिळवता येईल काय? बेळगाव आणि निपाणी परिसरात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. तेथे घर कर्नाटकात, नोकरी महाराष्ट्रात आणि पुढची संधी चोर्ला घाट उतरून गोव्यात, असे सहज घडते. गोव्यातील औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या आणि सीमाभागाशी नाते असलेल्या कुटुंबांनाही ही माहिती उपयोगी पडावी.

उत्तर थोडक्यात असे आहे. दुसरे प्रमाणपत्र मिळवता येते, पण ते दुसऱ्या उमेदवारीतून नव्हे, तर वेगळ्या वाटेने. आणि कोणत्याही वाटेने गेले तरी पहिला करार मोडून जाणे बहुतेक वेळा तोट्याचे ठरते.

ओतकामाच्या दोन शहरांमधला प्रदेश

बेळगावचे उद्यमबाग हे ओतकाम, यंत्रण आणि हायड्रॉलिक्स या तिन्ही कामांसाठी ओळखले जाते. मच्छे, होनगा, काकती या बाजूंनाही कारखानदारी पसरली आहे. हुक्केरी तालुक्यातील हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग बनवणारे विशेष आर्थिक क्षेत्र आहे. उत्तरेला निपाणी हे तंबाखूचे गाव. तेथून राष्ट्रीय महामार्गाने कागल आणि कोल्हापूर जवळ पडते. कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत, गोकुळ शिरगाव आणि शिरोली येथेही ओतकामाचे आणि यंत्रणाचे कारखाने आहेत. म्हणजे निपाणीचा तरुण ओतकामाच्या दोन शहरांच्या मधोमध राहतो. शिक्षणातही ही सरमिसळ जुनी आहे. निपाणीकरांचे म्हणून ओळखले जाणारे अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय प्रत्यक्षात कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे.

या कारखान्यांतील कामाचे स्वरूप पाहिले की दुसऱ्या ट्रेडची गरज का भासते ते स्पष्ट होते. पॅटर्न, वाळूचा साचा, इंडक्शन भट्टी, ओतणे, फेटलिंग अशा टप्प्यांतून कास्टिंग तयार होते. पण आजचा ग्राहक कच्चे कास्टिंग नव्हे, तर यंत्रण करून, मापे तपासून दिलेला सुटा भाग मागतो. त्यामुळे एकाच आवारात भट्टी, सीएनसी लेथ, व्हीएमसी आणि तपासणी कक्ष नांदतात. देखभाल विभागातल्या फिटरला हायड्रॉलिक प्रेस उघडावा लागतो आणि बिघाड पंपात आहे की विजेच्या मंडलात, हे ठरवावे लागते. ज्याला दोन्ही उमजते, त्याची गरज मोठ्या कारखान्याला असते आणि लहान कारखान्याला त्याहूनही अधिक.

कायदा काय सांगतो

देशातील शिकाऊ उमेदवारी ‘अप्रेंटिसेस ॲक्ट, १९६१’ या केंद्रीय कायद्याखाली चालते. २०१४ च्या दुरुस्तीने त्यात मोठे बदल झाले. नियमांतील २०१९ च्या दुरुस्तीनंतर ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि ४ किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. उमेदवारांची संख्या मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के असावी लागते.

दुसरा ट्रेड शिकू पाहणाऱ्याने या कायद्यातील चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट कराराची. उमेदवारी ही आस्थापना आणि उमेदवार यांच्यातील लेखी करारावर उभी असते. उमेदवार अल्पवयीन असेल तर पालक सही करतो. करार एका ठरावीक ट्रेडसाठी असतो आणि त्याची नोंद ‘अप्रेंटिसशिप इंडिया’ या सरकारी पोर्टलवर होते. एका वेळी दोन ठिकाणी, दोन ट्रेडसाठी उमेदवारी, अशी रचना या व्यवस्थेत नाही.

दुसरी गोष्ट दर्जाची. कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. म्हणून उमेदवारीचे वर्ष प्रत्येक ठिकाणी ‘नोकरीचा अनुभव’ म्हणून धरले जाईल, असे गृहीत धरू नये. मात्र काम करताना इजा झाल्यास भरपाईची तरतूद कलम १६ मध्ये आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. कामाचे तास आस्थापना ठरवते, पण ॲप्रेंटिसशिप सल्लागाराच्या संमतीशिवाय उमेदवाराकडून जादा तास काम करून घेता येत नाही. संध्याकाळी दुसरा अभ्यासक्रम करणाऱ्याला ही तरतूद ठाऊक असणे आवश्यक आहे. त्याच्या अभ्यासाचा वेळ त्यावरच अवलंबून असतो.

चौथी गोष्ट करार मोडण्याची. मुदत पूर्ण होण्याआधी करार संपवायचा असेल तर सल्लागाराकडे अर्ज करावा लागतो. उमेदवाराच्या कसुरीमुळे करार संपला, तर प्रशिक्षणाच्या खर्चापोटी सल्लागार ठरवील ती रक्कम आस्थापनेला परत करण्याची जबाबदारी उमेदवारावर किंवा पालकावर येऊ शकते. शिवाय ज्याचा करार मध्येच संपुष्टात आला, त्याला सल्लागाराच्या पूर्वसंमतीशिवाय पुन्हा उमेदवार म्हणून घेता येत नाही. शेजारच्या कारखान्यात हजार रुपये जास्त मिळतात म्हणून, किंवा दुसऱ्या ट्रेडला प्रवेश मिळाला म्हणून उमेदवारी सोडणाऱ्याला ही किंमत सहसा उशिरा कळते.

प्रमाणपत्रे वेगवेगळी, वजनही वेगवेगळे

दुसरे प्रमाणपत्र घेण्याआधी कोणते प्रमाणपत्र कशासाठी चालते, हे समजून घ्यावे.

आयटीआयचा अभ्यासक्रम आणि अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्याला बोलीत एनटीसी म्हणतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत. वेल्डर आणि संगणकाचा कोपा हे एक वर्षाचे.

उमेदवारी पूर्ण करून त्याची अखिल भारतीय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, म्हणजे एनएसी मिळते. आयटीआय झालेल्या फिटरला ही उमेदवारी सामान्यतः एक वर्षाची असते. अनेक सार्वजनिक उपक्रम आणि संरक्षण आस्थापना आपल्या भरतीच्या जाहिरातींत ‘एनटीसीसह एनएसी’ अशी अट घालतात. रेल्वेत रेल्वेच्याच आस्थापनांत उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी पहिल्या स्तरावरील भरतीत २० टक्के जागा राखून ठेवल्या जातात. हुबळी हे दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आहे आणि गोव्यातील वास्को ते कुळे हा मार्गही हुबळी विभागातच येतो. त्यामुळे ही तरतूद बेळगावइतकीच गोव्यातील उमेदवारांच्या उपयोगाची आहे.

तिसरा प्रकार अल्पमुदतीच्या कौशल्य प्रमाणपत्रांचा. प्रधानमंत्री कौशल विकास योजना, तिच्यातील पूर्वज्ञानाची दखल घेणारा विभाग आणि क्षेत्रनिहाय कौशल्य परिषदा यांच्यामार्फत ती मिळतात. कारखान्यात काम मिळवायला ती उपयोगी पडतात. परंतु जिथे जाहिरातीत एनटीसी मागितले आहे, तिथे ती त्याची जागा घेत नाहीत.

२०१४ नंतर ‘ऐच्छिक ट्रेड’ हा आणखी एक प्रकार आला. त्यात आस्थापना आपल्या गरजेप्रमाणे अभ्यासक्रम ठरवू शकते. उमेदवाराने करारातील ट्रेड नियत आहे की ऐच्छिक, हे सही करण्यापूर्वी वाचावे. पुढे सरकारी भरतीत ठरावीक ट्रेडचे एनएसी मागितले गेले, तर हा फरक निर्णायक ठरतो.

दुसऱ्या ट्रेडच्या चार वाटा

*पहिली वाट : उमेदवारीसोबत अल्पमुदतीचा अभ्यासक्रम.* करार न मोडता, संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी करता येण्याजोगी ही सर्वांत सोयीची वाट. सीएनसी प्रोग्रॅमिंग, कॅड, हायड्रॉलिक्स, पीएलसी हे विषय यात येतात. शासकीय टूल रूम व प्रशिक्षण केंद्र, म्हणजे जीटीटीसी, ही कर्नाटकातील या क्षेत्रातली नामवंत संस्था. डेन्मार्कच्या साह्याने १९७२ मध्ये बंगळुरात तिची सुरुवात झाली आणि बेळगावातही तिचे केंद्र आहे. कर्नाटकाने टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्याने १५० शासकीय आयटीआयचे अद्ययावतीकरण केले. जून २०२२ मध्ये त्या केंद्रांचे लोकार्पण झाले. औद्योगिक रोबोटिक्स, प्रगत सीएनसी यंत्रण, विद्युत वाहने असे विषय तिथे आले आहेत. आपल्या जवळच्या आयटीआयमध्ये कोणता अल्पमुदतीचा वर्ग चालतो, याची चौकशी प्रत्यक्ष जाऊन करणे उत्तम.

*दुसरी वाट : उमेदवारीनंतर आयटीआयमध्ये दुसरा ट्रेड.* उमेदवारी चालू असताना आयटीआयचा नियमित वर्ग करणे व्यवहारात जमत नाही. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते आणि तेच तास कारखान्यातही द्यायचे असतात. पण उमेदवारी पूर्ण करून मग एक वर्षाचा वेल्डर ट्रेड घेतला, तर हिशेब सोपा आहे. दहावीनंतर दोन वर्षे फिटर, एक वर्ष उमेदवारी, एक वर्ष वेल्डर. चार वर्षांत दोन एनटीसी आणि एक एनएसी हाती येतात.

*तिसरी वाट : खासगी उमेदवार म्हणून परीक्षा.* संबंधित क्षेत्रात किमान तीन वर्षांचा अनुभव असलेल्याला आयटीआयच्या अखिल भारतीय परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसण्याची सोय आहे. उमेदवारीनंतर त्याच कारखान्यात नोकरीला लागलेल्या आणि हळूहळू दुसरे काम शिकलेल्या तरुणाला ही वाट सोयीची. लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. अनुभवाचा दाखला कारखान्याच्या शीर्षपत्रावर, कामाचे स्वरूप आणि तारखा स्पष्ट लिहून घेतलेला असावा. अनेकांचे घोडे याच दाखल्यापाशी अडते. मालक तोंडी ‘देऊ’ म्हणतात आणि माणूस कारखाना सोडून गेला की दाखला मिळणे अवघड होते. म्हणून तो वेळच्या वेळी घ्यावा.

*चौथी वाट : पदविका.* दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्याला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे आणखी दोन वर्षांत अभियांत्रिकी पदविका. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळच्या पदविका आणि पदवी वर्गांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ पासून वाव दिला आहे. मात्र तेथे किमान एक वर्षाच्या नियमित नोकरीची अट आहे. उमेदवार हा कायद्याने कामगार नसल्याने उमेदवारीचे वर्ष या अटीत धरले जाईल का, हे प्रवेशापूर्वी संस्थेकडून लेखी विचारून घ्यावे.

सीमा कुठे आडवी येते, कुठे येत नाही

सीमाभागातल्या माणसाला कागदपत्रांचा अनुभव कडू आहे. रहिवासी दाखला एका राज्याचा, शाळेचे माध्यम दुसऱ्या भाषेचे, नोकरीची जाहिरात तिसऱ्याच राज्याची. अशा ठिकाणी एनटीसी आणि एनएसी यांचे मोल वेगळे आहे. ही राष्ट्रीय प्रमाणपत्रे असल्याने बेळगावच्या आयटीआयमध्ये मिळालेले फिटरचे एनटीसी कागलच्या कारखान्यात, वेर्ण्याच्या वसाहतीत किंवा वास्कोच्या गोदीतही त्याच दर्जाचे मानले जाते. निपाणीचा उमेदवार कर्नाटकात आयटीआय करून महाराष्ट्रातील आस्थापनेत उमेदवारी करू शकतो. त्याच्या कराराची नोंद आस्थापना जिथे आहे तिथल्या यंत्रणेकडे होते, घर कुठे आहे यावर नव्हे. चार किंवा अधिक राज्यांत व्यवसाय असलेल्या आस्थापनांसाठी केंद्र सरकारची यंत्रणा लागू होते.

सीमा आडवी येते ती तीन ठिकाणी. पहिले ठिकाण राज्य परिषदेच्या, म्हणजे एससीव्हीटीच्या प्रमाणपत्रांचे. ती राज्याची असतात, म्हणून दुसऱ्या राज्यात नोकरी करण्याचा विचार असेल तर प्रवेश घेतानाच ‘हा ट्रेड राष्ट्रीय परिषदेशी संलग्न आहे का’ हे विचारावे. दुसरे ठिकाण विजेच्या परवान्याचे. इलेक्ट्रिशियनचे एनटीसी देशभर चालले, तरी वायरमन परवाना हा राज्याचा विषय आहे. कर्नाटकाचा परवाना असलेल्याने कोल्हापुरात किंवा गोव्यात स्वतंत्रपणे वायरिंगची कामे घेण्यापूर्वी त्या राज्याच्या परवाना मंडळाकडे चौकशी करावी. तिसरे ठिकाण प्रवेशाचे. आयटीआय आणि तंत्रनिकेतनातील जागा प्रामुख्याने राज्यनिहाय भरल्या जातात. महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रवर्ग आहे. तेथे रहिवास आणि मातृभाषेचे दाखले लागतात. ते आयत्या वेळी मिळत नाहीत, म्हणून दहावीचा निकाल लागण्याआधीच त्यांची तयारी करावी.

भाषेचा प्रश्नही याला जोडूनच येतो. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला आयटीआयमध्ये कन्नड किंवा इंग्रजीतून शिकवले जाण्याची शक्यता असते. परीक्षेची भाषा नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावी. केंद्राच्या ‘भारत स्किल्स’ या संकेतस्थळावर ट्रेडनिहाय अभ्यासक्रम आणि प्रश्नसंच विनामूल्य आहेत. दुसऱ्या ट्रेडची तयारी घरून करणाऱ्याला त्यांचा चांगला आधार मिळतो.

विद्यावेतनाचा हिशेब

२०१९ च्या नियमांनुसार उमेदवाराचे किमान मासिक विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरवले गेले. आयटीआय झालेल्याला ७,००० रुपये, पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला ९,०००. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर ३६ टक्क्यांनी वाढवून ६,८०० ते १२,३०० रुपये करण्याची शिफारस केली. म्हणून करार करताना चालू दर पोर्टलवर पाहून घ्यावा. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेखाली विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपये इतका वाटा सरकार उमेदवाराच्या बँक खात्यात थेट जमा करते. विद्यावेतन हे किमान आहे. आस्थापना त्याहून अधिक देऊ शकते, कमी नाही.

या रकमेत निपाणीहून कागलला रोजचे येणे-जाणे, डबा आणि दुसऱ्या अभ्यासक्रमाचे शुल्क बसवायचे असते. म्हणून दुसरा अभ्यासक्रम निवडताना शुल्काबरोबर प्रवासाचा खर्च आणि पाळी यांचाही विचार करावा. पाळी आठवड्याला बदलत असेल तर रोजच्या संध्याकाळच्या वर्गापेक्षा रविवारचा वर्ग बरा.

कोणता ट्रेड जोडावा

पहिल्या ट्रेडपासून फार दूर जाऊ नये, हा साधा नियम. फिटरने वेल्डिंग किंवा हायड्रॉलिक्स, टर्नर आणि मशिनिस्टने सीएनसी प्रोग्रॅमिंग व मापनशास्त्र, इलेक्ट्रिशियनने पीएलसी आणि मोटार दुरुस्ती, ओतकाम शिकलेल्याने पॅटर्न डिझाइन किंवा वाळू चाचणी. असे जोडलेले ट्रेड एकाच माणसाच्या एकाच पाळीत उपयोगी पडतात. फिटरने केवळ जागा मिळाली म्हणून कोपा केला, तर दोन प्रमाणपत्रे होतात, पण दोन्हींचा मेळ बसत नाही.

सही करण्यापूर्वी

करारावर सही करताना पुढील गोष्टी पाहाव्यात. ट्रेडचे नाव आणि तो नियत आहे की ऐच्छिक. कालावधी आणि परीक्षेचा टप्पा. पाळीची पद्धत. विद्यावेतनाची रक्कम आणि ती बँकेतून मिळणार का. उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याची अट करारात आहे का, कारण ती लिहिलेली नसेल तर आस्थापनेवर तशी सक्ती नसते. दुसरा अभ्यासक्रम सुरू करायचा असेल तर प्रशिक्षण अधिकाऱ्याला आधी कल्पना द्यावी. मोकळेपणाने विचारलेल्या उमेदवाराला पाळी सांभाळून देणारे पर्यवेक्षक भेटतात. न सांगता गैरहजर राहणाऱ्याची मात्र करारात कसूर धरली जाते. तक्रार असेल तर कर्नाटकात औद्योगिक प्रशिक्षण व रोजगार खाते, महाराष्ट्रात आयटीआयला जोडलेली मूलभूत प्रशिक्षण केंद्रे आणि गोव्यात कौशल्य विकास व उद्योजकता संचालनालय येथे जाता येते.

घराची निकड मोठी असली की वर्षभराची उमेदवारी लांब वाटते. पण ती पूर्ण केल्यावर मिळणारा कागद तिन्ही राज्यांत चालतो आणि पुढच्या प्रत्येक प्रमाणपत्राला आधार देतो. दुसरा ट्रेड उशिरा घेता येतो. मोडलेली उमेदवारी पुन्हा जोडायला मात्र सल्लागाराची संमती लागते, आणि तोवर वर्ष निघून गेलेले असते.